आई काय म्हणाली?

सिनेमा सुटला की लोक पायऱ्या उतरता उतरता हिरोबद्दल बोलतात, गाण्यांबद्दल बोलतात. अंजनाकाकूंचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "यात कोनी जेवलं का?"

मेहकरच्या टॉकीजबाहेर, भाजीची रिकामी टोपली काखेत धरून त्या हे विचारायच्या. मग मी आठवून आठवून सांगायचे की मध्यंतराच्या आधी हिरोने चहा घेतला होता. "चाहा म्हंजे काय जेवण हाय? अडीच घंटे झाले. तीन गावं फिरला, वीस जणाईले बदडलं, अन् पोटात भाकरीचा तुकडा नाही. घर एवढं मोठं, चूल कुठं हाय ते शेवटलोक नाही दिसलं. खोटं हाय सारं, मॅडम." संपलं. ज्या सिनेमावर पुण्या-मुंबईच्या जाणकारांनी पानंच्या पानं लिहिली असतील, तो जानेफळच्या अंजनाकाकूंनी टोपली या काखेतून त्या काखेत घेईपर्यंत निकालात काढलेला असे.

मी जानेफळच्या शाळेत मराठी शिकवायचे. आता निवृत्त होऊन बुलढाण्याला आले आहे, पण तिथली एकवीस वर्षं काकूंच्या भिंतीला भिंत लावून काढली. काकू लवकर विधवा झालेल्या. मळ्यात मेथी, वांगी, सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, आणि वरच्या रानात कापूस-तूर. उंच, काटक बाई. आवाज असा की मळ्यातून हाक मारली तर मी स्वयंपाकघरात ओ द्यायचे. मी अमरावतीला शिकत असताना फिल्म सोसायटीची सभासद होते. देशोदेशीचे सिनेमे पाहिलेले. सिनेमा कसा बघावा हे आपल्याला कळतं, असा माझा पक्का समज होता. तो समज घेऊनच मी जानेफळला आले, आणि त्याची पुढे जी काही गत झाली ती काकूंमुळे.

काकूंना एकच मुलगी, वर्षा. माझी विद्यार्थिनी. पहिल्या बाकावर बसायची आणि कवितेचा अर्थ सांगताना मलाच उलटे प्रश्न विचारायची. ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना काकूंच्या विहिरीवरची मोटार जळाली. दुरुस्तीला गावातल्या रिवाइंडिंगच्या दुकानातला एक मुलगा आला. मूळचा संग्रामपूरचा, दुसऱ्या जातीचा. वर्षभरात तो चार वेळा आला. मोटार इतक्या वेळा जळत नसते हे कोणाच्याही लक्षात यायला हवं होतं, पण काकूंचा वर्षावर इतका निखळ विश्वास होता की मोटारीकडे त्यांनी पाहिलंच नाही. दिवाळीच्या सुट्टीत "मैत्रिणीकडे जाते" म्हणून वर्षा गेली, ती परत आलीच नाही. दुसऱ्या दिवशी त्या मोटारवाल्या मुलाशी लग्न केल्याचा तिचा फोन आला.

काकू रडल्या नाहीत. गल्लीच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आजपासून तिचं नाव माह्यासमोर कोनी काढाचं नाही. मले पोरगी नव्हती." गल्लीने ते पाळलं. आमच्याकडे आणखी एक वर्षा होती, समोरच्या घरची सून. काकू जवळ असल्या की तिलाही लोक नावाने हाक मारेनासे झाले. ती बिचारी दोन-तीन वर्षं "अगं ए" झाली होती.

पुढे एकदाच, मेथी निवडता निवडता, काकू माझ्याजवळ बोलल्या. तेव्हाही नाव घेतलं नाही. "जातीचं म्या पाहून घेतलं असतं, मॅडम. मी भांडली असती, रडली असती, दोन महिने अबोला धरला असता. पण माह्याशी खोटं बोलून गेली. मैत्रिणीकडे चालली म्हनून म्या तिले दशम्या बांधून देल्ल्या. रात्री दूध काढून ठेवलं, पहाटे उठून केल्या. ते घेऊन गेली ती." एवढं बोलून त्यांनी मेथीच्या काड्या गोळा केल्या आणि म्हशीपुढे टाकायला गेल्या.

आमची सिनेमाची सोबत त्यानंतरची. रविवारी काकू मेहकरला भाजी न्यायच्या आणि मी त्याच काळीपिवळी जीपने सिनेमाला जायचे. बारापर्यंत भाजी संपायची. एकदा त्या टोपली घेऊन टॉकीजच्या दारातच मला भेटल्या. "मी बी येते. घरी जाऊन कोनाचं तोंड पाहू?" आत गेल्यावर चपला काढल्या, खुर्चीवर मांडी घातली, टोपली मांडीत ठेवली आणि पडद्याकडे अशा बघू लागल्या जसं कोणी स्थळ बघायला आलं आहे. त्या दिवसापासून साधारण दर पंधरा दिवसांनी आम्ही गेलो.

मत त्या लगेच देत नसत. जेवणाचा प्रश्न तेवढा दारात व्हायचा. बाकी गाडीत बसल्यावर, मेहकर मागे पडलं की. गाडीतली माणसंही मग बोलणं थांबवून ऐकायची. एका लढाईच्या सिनेमात हिरोने एकट्याने चाळीस माणसं मारली, तेव्हा गाडीतली पोरं खूश होती. काकू म्हणाल्या, "त्या चाळीस जणाईच्या घरी सांगाले कोन गेलं असंन?" भुताचा सिनेमा पाहिला तेव्हा मी घाबरून त्यांचा हात धरला होता. त्यांचं म्हणणं वेगळंच. "भुतानं भांडे फेकले, काचा फोडल्या, पडदे फाडले. सकाळी पाहावं तं सारं साफ. झाडलं कोनं? बाई तं एकबी नव्हती कामाले." आणि एका नामांकित नटीने शेतमजूर बाईचं काम केलं होतं, तिच्याबद्दल, "पोट्टी गुणाची हाय, पण टोपलं रिकामं होतं तिचं. भरल्या टोपल्याखाली मान अशी हालत नाही."

वर्षा गेल्यानंतर वर्षभराने एका सोमवारी शाळा सुटताना मला फोन आला. "मॅडम, मी वर्षा." मी स्टाफरूममधून बाहेर आले, आंब्याखाली जाऊन उभी राहिले. "आई कशी हाय?" बरी आहे म्हटलं. मी आणखी काय सांगणार? काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाले, "काल आम्ही सिनेमाला गेलो होतो."

"आई? सिनेमाले?" तिला हसू आलं, मग तिचा आवाज बदलला. "कोणता? आई काय म्हणाली?"

मी सगळं सांगितलं. जेवणाचं, टोपलीचं, मांडीचं. ती मधे मधे "हो, हो" करत राहिली. त्यानंतर सोमवारचा फोन ठरूनच गेला. ती राहायची त्या संग्रामपूरला टॉकीज नाही. ती कधी नवऱ्याबरोबर खामगावला जाऊन तो सिनेमा बघायची, कधी महिन्याने मोबाइलवर. बघून झाला की तिचंही मत तयार असायचं, आणि ते बहुतेक वेळा आईच्या विरुद्ध.

आता हे मत मी काय करू? तिचं नाव काढायची सोय नव्हती. मग मी एक लबाडी सुरू केली. वर्षाचं मत माझं म्हणून काकूंना सांगायला लागले. काकू त्याला उत्तर देत, ते मी सोमवारी वर्षाला सांगायचे. आठ वर्षं मायलेकी अशा भांडत राहिल्या आणि त्यातल्या एकीला ते ठाऊक नव्हतं. मला पोस्टमन म्हणा नाहीतर चोर म्हणा. काकूंच्या डोळ्यांत बघून मी खोटं बोलत होते आणि खोटं बोलण्याचाच तर त्या बाईला सगळ्यात जास्त त्रास झाला होता, हे मला कळत नव्हतं असं नाही.

एका रविवारी मेहकरला काही धड लागलेलं नव्हतं. मी काकूंना घरी बोलावून टीव्हीवर माझा एक आवडता सिनेमा लावला. परदेशी, संथ, बक्षिसं मिळवलेला. त्यात एकटा म्हातारा स्वयंपाकघरात बसला आहे आणि नळ ठिबकतो आहे, असा एक लांबलचक प्रसंग आहे. त्यातून त्याचं एकटेपण कसं झिरपतं, यावर मी कॉलेजात निबंध लिहिला होता. काकू चुळबुळ करायला लागल्या. मग गुडघ्यांवर उठल्या. शेवटी टीव्हीकडे हात करून ओरडल्याच, "अरे बंद कर ना बाबा तो नळ!" आमच्या जानेफळला उन्हाळ्यात आठ-आठ दिवसांनी पाणी येतं. सिनेमा संपल्यावर त्या म्हणाल्या, "मानूस बरा होता. पण नळाखाली साधी बादली नाही लावली, म्हनून मले त्याचं दुःख नाही वाटलं." मी दोन दिवस त्यांच्यावर फुगून होते.

सोमवारी वर्षा पोट धरून हसली. पण महिन्याने तिने तो सिनेमा शोधून पाहिला आणि म्हणाली, "मॅडम, त्या म्हाताऱ्याले आयकू येत नसंन. नळ चालू हाय हे त्याले माहीतच नाही." मी तो सिनेमा चार वेळा पाहिला होता. मला हे सुचलं नव्हतं. संध्याकाळी काकू भाकरी थापत होत्या, तेव्हा मी सहज म्हटल्यासारखं म्हणाले, "काकू, त्या म्हाताऱ्याला ऐकू येत नसेल हो." काकूंचा हात परातीतच थांबला. भाकरी तव्यावर करपली. "असं असंन तं मंग लय वाईट झालं त्याचं," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिल्या.

मग एक रडका सिनेमा आला. पळून गेलेली मुलगी काही वर्षांनी मूल कडेवर घेऊन दारात येते, आई तिला मिठी मारते, मागे सनई. अख्खं टॉकीज हुंदके देत होतं, मीही. काकू कोरड्या. त्या दिवशी गाडीत त्या बोलल्याच नाहीत. घराचं कुलूप काढताना म्हणाल्या, "एवढी सस्ती असते का माय? दारात उभी राह्यली का झालं? काऊन गेलती, काऊन खोटं बोलली, एकबी इचारलं नाही. गळ्यात पडली अन् पिच्चर खतम."

हे मी वर्षाला सांगावं की नाही, मला कळेना. पण तिने विचारलं आणि मी सांगितलं. ती हसली नाही. "मले बी नाही पटलं ते, मॅडम. आई आधी ओरडाले पायजे होती. अन् त्या पोरीनं आयकून घ्याले पायजे होतं. सारंच्या सारं. खाली मान घालून." दुसऱ्या दिवशी भिंतीवरून मी काकूंना तेच, माझं म्हणून सांगितलं. काकूंनी विचारलं, "हे तुमचं मत हाय?" मी हो म्हटलं. "बरं," म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आमच्या गावाबाहेर एका मराठी सिनेमाचं शूटिंग आलं. त्यांना मागे कापूस वेचणाऱ्या बाया हव्या होत्या. मुख्याध्यापकांनी माझं नाव पुढे केलं, मी काकूंना सांगितलं, आणि काकूंनी दोन दिवसांत पंचवीस बाया उभ्या केल्या. शेत पाहण्यासारखं होतं. पांढरंशुभ्र, बोंडं फुटून लोंबत होती. सिनेमावाल्यांनी ते पाच दिवसांसाठी घेतलं होतं. सकाळी आठला टोपी घातलेला दिग्दर्शक आला, बायांना म्हणाला, "तुम्ही रोज वेचता तसंच वेचायचं, अगदी नॅचरल," आणि हिरोइनचा मेकअप झाला का बघायला गेला.

मेकअप काही होईना. बाया कापसासाठी कमरेला ओट्या बांधून बसून राहिल्या. नऊ वाजले, दहा वाजायला आले. काकू उठल्या. "येचाले बोलावलं ना? मंग बसून काय राह्यल्या? चला." पंचवीस बाया रांगेने शेतात शिरल्या. मी तेव्हा चहाची व्यवस्था बघत होते. हिरोइन तयार होऊन, छत्रीखालून, पावडर सांभाळत साडेबाराला आली, तेव्हा बांधावर कापसाचे ढीग लागले होते आणि शेतात नुसती काडी उभी होती. चुकून एखादं बोंड राहिलं असेल तर तेही एका बाईने मागे जाऊन काढून आणलं. दिग्दर्शक टोपी काढून बांधावर बसला. पाच दिवसांचं पांढरं शेत बायांनी अडीच तासांत साफ केलं होतं, आणि त्या शाबासकीची वाट बघत उभ्या होत्या.

काकूंना कोणी ओरडायच्या आधीच त्या ओरडल्या. "मंग सांगाचं ना, की येचाचं नाही, येचल्यासारखं कराचं! आमचे हात थांबत नाहीत, बाबा." सिनेमावाल्या दोन पोरांनी डिंक आणून कापूस परत बोंडांना चिकटवायला सुरुवात केली तेव्हा बाया हसून हसून खाली बसल्या. काकूंनी मात्र हसता हसता त्यांना चार बोंडं लावून दाखवायचा प्रयत्न केला. तो कापूस राहीना.

शेवटी दिग्दर्शकाने कथेतच बदल केला. वेचून झालेलं रान तसंच दाखवायचं ठरवलं आणि काकूंना बोलावलं. "मावशी, या काड्यांमध्ये उभ्या राहा आणि त्या रस्त्याकडे बघा. कोणाची तरी वाट बघताय असं."

"कोनाची पाहू?"

"कोणाचीही. तुम्हाला ज्याची बघायची असेल त्याची."

काकूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग जाऊन उभ्या राहिल्या, भरलेली ओटी पोटाशी धरून. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, एक मोटारसायकल गेली. काम झालं असं त्यांना सांगितल्यावरही त्या तिथून हलल्या नाहीत. मी जाऊन हाताला धरून आणलं.

सिनेमा पुढच्या वर्षी लागला. मेहकरला अख्खी गल्ली लोटली. काकूंचं ते उभं राहणं त्यांनी ठेवलं होतं, तेही मध्यंतराच्या अगदी आधी, म्हणजे दिवे लागले तेव्हा सगळे काकूंकडेच वळून बघत होते. पोरांनी शिट्ट्या मारल्या. काकूंनी पदराने तोंड झाकलं. गाडीत सगळ्यांनी त्यांचं मत विचारलं. "पदर सरळ नव्हता माहा," एवढंच म्हणाल्या.

सोमवारी वर्षाचा फोन आला. ती एकटीच खामगावला जाऊन आली होती. नऊ वर्षांत तिने आईला पहिल्यांदा पाहिलं, तेही पडद्यावर. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "मॅडम, आई वाळली हो. अन् डाव्या पायावर भार देत नाही ती. गुडघा दुखते का तिचा? डॉक्टरले दाखवलं का?"

मला लाज वाटली. मी भिंतीपलीकडे राहत होते, पंधरा दिवसांनी खुर्चीला खुर्ची लावून बसत होते. काकूंचा गुडघा दुखतो हे मला माहीत नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. "काकू, तुमचा डावा गुडघा दुखतो का? सिनेमात तुम्ही एकाच पायावर उभ्या होतात."

काकू सांबाराच्या जुड्या बांधत होत्या. जुडी खाली ठेवली. "हे तुम्हाले दिसलं?"

मी हो म्हणणार होते. आठ वर्षांची सवय होती. पण तोंडातून "नाही" निघालं.

"नाहीच दिसणार," काकू म्हणाल्या. "किती वर्सं माह्यासंगं बसून पिच्चर पाहून राह्यल्या तुम्ही. तुम्हाले ढग दिसते, उजेड दिसते, नळ दिसते. मानसाचा गुडघा तुम्हाले नाही दिसत, मॅडम." त्यांनी दोरा उगाच बोटाला गुंडाळला. "तिनं म्हटलं ना?"

मी मान हलवली. मला वाटलं आता भिंतच कोसळणार. मी खोटं बोलत आले हे कबूल करायला तोंड उघडलं, तर काकूंनी हात वर केला. "त्या म्हाताऱ्याले आयकू येत नसंन म्हटलं, तवाच मले डाऊट आला होता. ओरडाचं म्हटलं तवा समजलंच. घरात बसून मी मनाशी म्हणो, उद्या मॅडम काय म्हणतात पाहू. म्या कधी तुम्हाले बोलता बोलता तोडलं का?" नाही, तोडलं नव्हतं. उलट पुढच्या रविवारी कोणता लागला आहे, हे अलीकडे त्याच आधी विचारायच्या. "पिच्चर आवडला का तिले?"

"पिक्चरबद्दल काहीच बोलली नाही. गुडघ्याबद्दलच बोलली."

काकू उठल्या, भिंतीचा आधार घेत. तो पाय खरंच दुखत होता. आत जाऊन बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं. "मी तिच्या घरी जानार नाही. ती माह्या घरी येनार नाही. खामगावले काय लागलं हाय?"

मी वर्षाला कळवलं, आणि त्या रविवारी काकूंनी भाजी नेली नाही. खामगावच्या टॉकीजसमोर वर्षा आमच्या आधी येऊन उभी होती. अंगाने भरली होती, केस कापले होते, हातात डोक्यावरून काढलेला स्कार्फ तसाच होता. काकूंनी तिला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चला, सुरू होईन." आत मी मधे, त्या दोघी दोन बाजूंना. सिनेमा गोंगाटाचा होता. एक भाऊ बहिणीला खोटं सांगून घर सोडतो, दूर देशी जातो, मग पुढे मारामाऱ्या. मध्यंतरात मी चहा आणते म्हणून उठले आणि परत त्यांच्यात गेलेच नाही, मागच्या रांगेत बसले. तिथून मला दोन डोकी दिसत होती आणि मधली रिकामी खुर्ची. काकूंनी मांडी घातलेली नव्हती. डावा पाय लांब केलेला होता. त्या खुर्चीवर शेवटपर्यंत कोणी सरकलं नाही.

सिनेमा सुटला. मी समोरच्या टपरीवर तीन चहा घेतले आणि परत आले, तर दोघी टॉकीजच्या भिंतीपाशी, हातभर अंतर ठेवून उभ्या होत्या. वर्षा जमिनीकडे बघत बोलत होती.

"त्यानं बहिणीले सांगाले पायजे होतं."

"सांगतलं असतं तं तिनं जाऊ देल्लं असतं का?" काकूंनी रस्त्याकडे बघत विचारलं.

"नसतं देल्लं."

"मंग?"

"तरी सांगाले पायजे होतं. खोटं बोलून गेला तो. चुकलंच त्याचं."

काकूंचा आवाज चढला, मळ्यातून हाक मारायच्या तसा. जाणारी दोन माणसं वळून बघायला लागली. "चुकलंच! अन् त्या बहिणीचं? एवढे वर्सं साधी चौकशी नाही केली तिनं. जित्ता हाय का मेला. तिच्या पायाले काय मेंदी लागली होती? तिचं बी चुकलं!"

वर्षा रडायला लागली. काकूंनी पदर पुढे केला, तिच्या तोंडावरून खसाखसा फिरवला, लहान पोराचं तोंड पुसतात तसा. "आता रडू नको. मले लय बोलाचं हाय अजून या पिच्चरबद्दल. तुले सारं आयकून घ्या लागंन."

"हाव," वर्षा म्हणाली.

मी चहा पुढे केला. दोघींनी एकेक कप घेतला. काकूंना मी तिथे आहे हे तेव्हा आठवलं असावं. "मॅडम, तुम्ही जा समोर. जानेफळची गाडी लागली असंन. आम्हाले टाइम लागंन."

मी स्टँडवर आले. गाडी लागलेली होती, खिडकीची जागाही मिळाली. त्या सिनेमाबद्दल माझंही एक मत होतं, चांगलं विचार करून ठेवलेलं. ते मला कोणी विचारलं नाही, आणि मी खिडकीला डोकं टेकून जानेफळ येईपर्यंत पोटभर रडले.